बीट : गुण आणि मर्यादा

हिवाळा सुरू झाला म्हणजे दिल्लीच्या आझादपूर बाजारात लाल मुळांच्या गोण्या येऊ लागतात. हिंदी भाषिक ज्याला चुकंदर म्हणतात आणि महाराष्ट्रात जे बीट या नावाने परिचित आहे, ते हे मूळ. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत दिल्ली, गाझियाबाद, फरिदाबाद, गुरुग्राम या शहरांतील रसाच्या दुकानांत गाजराबरोबर बीट पिळले जाते, कोशिंबिरीत ते चिरले जाते आणि होळीच्या सुमारास मोहरी घालून आंबवलेल्या कांजीलाही त्याचा रंग चढतो. रस देणारा आणि पिणारा या दोघांचीही अशी समजूत असते की, या रसाने रक्त वाढते. रक्त लाल, बीट लाल. तेव्हा एकापासून दुसरे होत असले पाहिजे, असे हे साधे अनुमान आहे.

हे अनुमान सर्वस्वी निरुपद्रवी असते तर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या घरात एखादी मुलगी रक्तक्षयाने फिकट पडली आहे आणि तिला तपासणी व औषध यांऐवजी केवळ बिटाचा रस दिला जात आहे, त्या घरात या समजुतीची किंमत मोजावी लागते. उलटपक्षी, बीट केवळ रंगापुरतेच आहे असे मानणेही बरोबर नाही. गेल्या वीस वर्षांतील संशोधनाने या मुळाचा एक वेगळाच आणि खरा गुण दाखवून दिला आहे. यास्तव बिटाचे कोणते गुण प्रयोगाच्या कसोटीस उतरले आणि कोणते उतरले नाहीत, हे क्रमाने पाहणे उपयुक्त होईल.

वनस्पतीचा परिचय

बीट ही पालकाच्या कुळातील वनस्पती होय. माठ व राजगिरा हेही तिचे आप्त आहेत. भूमध्य समुद्राच्या आणि युरोपच्या किनाऱ्यांवर वाढणारी रानटी बीट ही तिची मूळ जात. प्राचीन काळी लोक तिची पाने खात. जाड, गोड मूळ हे पुढील काळातील शेतकऱ्यांच्या निवडीचे फळ आहे. याच जातीच्या पांढऱ्या मुळात उसाच्या साखरेसारखीच साखर असते, हे बर्लिन येथील रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआस मार्गग्राफ यांनी १७४७ मध्ये दाखवले आणि त्यातूनच पुढे युरोपातील बीटसाखरेचा मोठा उद्योग उभा राहिला. भाजीचे लाल बीट आणि साखरेचे पांढरे बीट ही एकाच घराण्यातील भावंडे आहेत.

बीट थंड हवेचे पीक आहे. उत्तरेच्या मैदानी प्रदेशात ते साधारणतः सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात पेरतात आणि अडीच-तीन महिन्यांत मुळे काढणीस येतात. हवा उष्ण झाली म्हणजे मुळाचा रंग फिका पडतो आणि ते आडवे कापले असता लाल व पांढरी कडी एकाआड एक दिसू लागतात. भारतीय कृषि अनुसंधान संस्था ही बिहारमधील पुसा येथे १९०५ मध्ये स्थापन झाली. १९३४ च्या भूकंपात तिची इमारत उद्ध्वस्त झाल्यावर १९३६ मध्ये ती दिल्लीस आणण्यात आली आणि आपले जुने गावही नावाच्या रूपाने बरोबर घेऊन आली. म्हणूनच दिल्लीतील तो परिसर आज पुसा या नावाने ओळखला जातो. भारतातील लागवडीत ‘डेट्रॉइट डार्क रेड’ आणि ‘क्रिमसन ग्लोब’ हे विदेशी वाण दीर्घकाळ प्रचलित आहेत. बीट द्विवर्षायू असल्याने दीर्घ थंडीवाचून त्याला फुलोरा येत नाही. म्हणून मैदानात भाजी पिकली तरी बीज धरण्यासाठी डोंगराळ, थंड प्रदेशाचा आश्रय घ्यावा लागतो. अशा थंड हवेतील भाज्यांच्या कामासाठी कुलू खोऱ्यात कटराईन येथे या संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे.

लाल रंगाचे रहस्य

रक्ताचा लाल रंग हीमोग्लोबिन या द्रव्यामुळे येतो. हीमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि फुप्फुसांतील प्राणवायू त्यांनाच चिकटून सर्व शरीरभर पोहोचतो. लोह नसेल तर हीमोग्लोबिन तयार होत नाही.

बिटाचा रंग याहून अगदी निराळा आहे. तो बीटालेन नावाच्या रंगद्रव्यांचा असतो आणि त्यांतील मुख्य द्रव्य बीटानिन हे होय. बीटानिनच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन, नत्र आणि प्राणवायू एवढीच मूलद्रव्ये आहेत. लोहाचा एकही अणू त्यात नाही. हीच जातीची रंगद्रव्ये लाल माठात आणि अंगणातील बोगनवेलीच्या जांभळट पाकळ्यांसारख्या पानांतही आढळतात. आणि बोगनवेलीमुळे रक्त वाढते असे कोणी म्हणत नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत हा भेद सहज पाहता येतो. बीट किसून त्याचे पाणी गाळून घ्यावे आणि ते तीन काचनळ्यांत ओतावे. एकीत लिंबाचा रस, दुसरीत चुन्याची निवळी घालावी आणि तिसरी तशीच ठेवावी. लिंबाच्या नळीतील लाल रंग टिकून राहतो; चुन्याच्या नळीतील रंग मात्र पालटून पिवळट होतो. हे एका नाजूक सेंद्रिय रंगाचे वर्तन आहे. उष्णता आणि प्रकाश यांनीही तो क्षीण होतो. अन्नाला रंग आणण्यासाठी त्याचा वापर केला जातो आणि तेथे तो उत्तम काम करतो. परंतु रक्त निर्माण करण्याचे काम त्याचे नव्हे.

लोहाचा हिशेब

रंगाचा प्रश्न बाजूस ठेवला तरी बिटात स्वतंत्रपणे लोह आहे काय, हा प्रश्न उरतोच. आहे, पण थोडे. शंभर ग्रॅम कच्च्या बिटात सुमारे ०.८ मिलिग्रॅम लोह असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीस दररोज २९ मिलिग्रॅम आणि प्रौढ पुरुषास १९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावयास हवे. म्हणजे पाव किलो बीट रोज खाल्ले तरी स्त्रीच्या गरजेचा चौदावा हिस्साही भरून निघत नाही. तुलनेसाठी पाहावयाचे तर, तीस ग्रॅम मसुराच्या डाळीत, म्हणजे एका माणसाच्या वरणात, सुमारे २ मिलिग्रॅम लोह असते. हरभरा व बाजरी हीदेखील या बाबतीत बिटाहून पुष्कळ पुढे आहेत. बिटाच्या पानांत मुळापेक्षा सुमारे तिप्पट लोह असते. पण बाजारात ती बहुधा तोडून टाकलेली असतात.

शिवाय वनस्पतीतील लोह जितके खाल्ले जाते तितके रक्तात पोहोचत नाही. त्याचा अल्पांशच आतड्यातून शोषला जातो. जेवणाबरोबर चहा घेतला तर हे शोषण आणखी घटते. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्वाने ते वाढते. तेव्हा बिटाच्या कोशिंबिरीवर लिंबू पिळण्याची रीत शास्त्राला धरून आहे, मात्र त्याचा खरा लाभ त्या ताटातील डाळ, उसळ आणि भाकरी यांच्या लोहास अधिक होतो.

हा हिशेब केवळ कागदावरचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या शेकडा ५७ स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या; राजधानी दिल्लीतही हे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’ या कार्यक्रमात १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी आठवड्यास एक निळी गोळी नेमून देण्यात आली. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. तेवढेच लोह बिटातून घ्यावयाचे म्हटल्यास साडेसात किलो बीट लागेल! गोळीतील आणि भाजीतील लोहाचे शोषण सारखे नसते, हे लक्षात घेतले तरी दोहोंतील अंतर कोणाच्याही ध्यानात येण्याजोगे आहे.

रक्तक्षयाची कारणेही अनेक आहेत. आहारातील लोहाची उणीव हे एक. ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, आतड्यातील जंत, मासिक पाळीतील अतिस्राव, थॅलॅसेमियासारखे आनुवंशिक विकार ही इतर होत. गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीच्या रक्तात दर शंभर मिलिलिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी हीमोग्लोबिन असेल तर तिला रक्तक्षय आहे असे समजतात. तो आहे की नाही हे रक्ताच्या तपासणीने कळते आणि तो कशामुळे झाला हे वैद्याने ठरवावयाचे असते. जंतांनी रक्त शोषले जात असताना पेल्यातील लाल रस समाधान देईल, उपाय करणार नाही.

बिटात खरोखर काय आहे

शंभर ग्रॅम कच्च्या बिटात सुमारे ८७ ग्रॅम पाणी, ७ ग्रॅम साखर, पावणेतीन ग्रॅमच्या आसपास चोथा आणि दीड ग्रॅमच्या सुमारास प्रथिने असतात. त्यापासून सुमारे ४३ किलोकॅलरी उष्णता मिळते. पोटॅशियम ३०० मिलिग्रॅमहून अधिक असते. याखेरीज शंभर मायक्रोग्रॅमच्या आसपास फोलेट असते, आणि ही गोष्ट विशेष उल्लेखनीय आहे. फोलेट हे ब गटातील जीवनसत्त्व नव्या पेशींच्या, म्हणून रक्तपेशींच्याही, घडणीस आवश्यक असते. गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत मज्जारज्जूची वाढ नीट होण्यासाठीही ते लागते. तेव्हा रक्ताशी बिटाचा काही संबंध असलाच तर तो त्याच्या रंगातून वा लोहातून नसून या न दिसणाऱ्या जीवनसत्त्वातून आहे. तथापि पालक आणि कडधान्ये यांतूनही फोलेट मिळते, आणि उकळून पाणी फेकून दिल्यास त्याचा बराच भाग वाया जातो.

नायट्रेटाचा प्रवास

बिटाचा खरा विशेष ज्या द्रव्यात आहे त्याला कोणी पूर्वी गुण मानीत नसे. जमिनीतील नत्र वनस्पती नायट्रेटाच्या रूपाने शोषून घेतात. बीट, पालक, मुळा यांच्यासारख्या भाज्या ते पुष्कळ प्रमाणात साठवून ठेवतात. विसाव्या शतकात नायट्रेटाकडे मुख्यतः दूषित पाण्यातील एक घातक द्रव्य म्हणूनच पाहिले जाई.

या दृष्टीत पालट होण्यास एका दुसऱ्याच शोधाची मदत झाली. नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू रक्तवाहिन्यांच्या भिंती शिथिल करून त्या रुंद करतो, हे सिद्ध करणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या शास्त्रज्ञांना १९९८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. भाजीतील नायट्रेटापासूनही हा वायू शरीरात तयार होऊ शकतो, असे पुढे दिसून आले. त्याचा मार्ग मोठा विलक्षण आहे. खाल्लेले नायट्रेट आतड्यातून रक्तात जाते. रक्तातील नायट्रेटाचा सुमारे चौथा हिस्सा लालाग्रंथी ओढून घेतात आणि तो लाळेबरोबर पुन्हा तोंडात येतो. जिभेच्या पाठीवर वसलेले जंतू त्यातील काहींचे नायट्राइट बनवतात. ही लाळ गिळल्यावर पोटात आणि रक्तात त्या नायट्राइटापासून नायट्रिक ऑक्साइड निर्माण होते. जे काम मानवी पेशींना नीटसे करता येत नाही, ते येथे जिभेवरचे जंतू करून देतात.

स्वीडनमधील कारोलिन्स्का संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नायट्रेटाचा रक्तदाबावरील परिणाम २००६ मध्ये प्रसिद्ध केला. २००८ मध्ये लंडन येथे अमृता अहलुवालिया आणि त्यांचे सहकारी यांनी निरोगी स्वयंसेवकांस अर्धा लिटर बिटाचा रस पाजून पाहिला. सुमारे तीन तासांनी त्यांचा वरचा रक्तदाब पाऱ्याच्या सुमारे १० मिलिमीटरपर्यंत उतरला. ज्यांना लाळ न गिळता थुंकावयास सांगितले, त्यांच्यात हा परिणाम दिसला नाही. वर वर्णिलेल्या मार्गाचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? जंतुनाशक द्रवाने वारंवार गुळण्या केल्यास हा लाभ घटतो, असे आढळले आहे ते याच कारणाने.

याच गटाने २०१५ मध्ये उच्च रक्तदाबाच्या ६८ रुग्णांवर प्रयोग केला. निम्म्यांना चार आठवडे रोज पाव लिटर बिटाचा रस दिला. उरलेल्यांना चवीने व रंगाने तसाच, पण नायट्रेट काढून टाकलेला रस दिला. नायट्रेटयुक्त रस घेणाऱ्यांचा वरचा दाब सरासरीने सुमारे ८ मिलिमीटर कमी झाला. निरनिराळ्या लहान प्रयोगांचे २०१३ मध्ये एकत्र गणित मांडले असता मात्र सरासरी घट ४ ते ५ मिलिमीटर एवढीच निघाली.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. चार-पाच मिलिमीटरची घट क्षुल्लक नाही. पण हे प्रयोग थोड्या माणसांवर आणि थोड्या आठवड्यांपुरते झालेले आहेत. रस बंद केला की परिणामही ओसरतो. बीट खाल्ल्याने हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात टळतो, असे त्यांनी सिद्ध केलेले नाही. शिवाय बिटातील नायट्रेट जमीन, खत आणि सूर्यप्रकाश यांनुसार पुष्कळ बदलते. त्यामुळे रस्त्यावरील दुकानातील पेल्यात प्रयोगातील रसाइतके नायट्रेट असेल असे सांगता येत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या सोडून रसावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे आहे.

श्रम करणाऱ्या स्नायूंवरही नायट्रेटाचा परिणाम होतो. २००९ मध्ये इंग्लंडमधील एक्सेटर येथील प्रयोगात असे दिसले की, काही दिवस बिटाचा रस घेतल्यावर तेवढ्याच श्रमास कमी प्राणवायू पुरतो. मात्र मुरलेल्या, अव्वल दर्जाच्या खेळाडूंत हा लाभ बहुधा फार थोडा दिसतो. शाळेतील धावपटूस नियमित सराव, झोप आणि पोटभर सकस जेवण यांचाच उपयोग अधिक.

सावधगिरी

बीट खाल्ल्यावर काही माणसांची लघवी गुलाबी वा लाल होते. दर शंभरांतील दहा ते चौदा जणांत असे घडते आणि लोहाची उणीव असलेल्यांत ते अधिक आढळते. ते स्वतः अपायकारक नाही; पण बीट न खाताही लाली दिसली तर ती रक्ताची असू शकते आणि मग वैद्यास दाखवण्यात विलंब लावू नये.

बिटात ऑक्झलेट पुष्कळ असते. ज्यांना कॅल्शियम ऑक्झलेटाचे मूतखडे होतात, त्यांनी रोज पेलाभर रस पिणे टाळावे. मूत्रपिंडे दुबळी झालेल्यांना पोटॅशियमही बेताने घ्यावे लागते. त्यांनी वैद्याच्या सल्ल्यानेच बीट खावे. हृदयशूळासाठी नायट्रेटाची औषधे घेणाऱ्यांनीही रसाचा नित्यक्रम ठेवण्यापूर्वी विचारून घ्यावे. मधुमेही माणसास जेवणात थोडे बीट वर्ज्य नाही. परंतु गाळलेल्या रसात चोथा निघून जातो आणि साखर तेवढी उरते, हे त्याने विसरू नये.

सर्वांत अधिक जपावयाचे ते तान्ह्या बालकांना. त्यांच्या रक्तातील हीमोग्लोबिनाला नायट्राइट लवकर निकामी करते आणि मूल निळसर पडते. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटामुळे असे घडते हे अमेरिकेतील आयोवा येथून १९४५ मध्येच नोंदले गेले होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असता कामा नये. दिल्लीच्या काही भागांतील भूजलात ते याहून अधिक आढळले आहे. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत बाळास आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये आणि पुढेही शिजवून ठेवलेले शिळे बीट भरवू नये, कारण ठेवलेल्या अन्नात जंतूंच्या योगे नायट्रेटाचे नायट्राइट होत जाते.

बिटाने ‘रक्त शुद्ध होते’ किंवा शरीरातील विष निघून जाते, असेही ऐकू येते. दिल्लीच्या हिवाळ्यातील धुरकट हवेवर हा रस उतारा म्हणून सांगितला जातो. रक्त शुद्ध करण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात. फुप्फुसात शिरलेले धुळीचे कण बाहेर काढण्याचे सामर्थ्य कोणत्याही भाजीत नाही. हवेचा इलाज हवा स्वच्छ करूनच होऊ शकतो.

ताटातील स्थान

बीट सालीसकट, देठ थोडा ठेवून, थोड्या पाण्यात वाफवावे. त्यामुळे रंग, फोलेट आणि नायट्रेट पाण्यात कमी उतरतात. उरलेले पाणी कणकेत वा आमटीत वापरावे. कोवळी पाने टाकून न देता पालकासारखी शिजवावी. दही, दाण्याचे कूट आणि लिंबू घातलेली कोशिंबीर रसापेक्षा सरस. तिच्यात चोथा राहतो आणि दह्यातील कॅल्शियम ऑक्झलेटाला आतड्यातच बांधून ठेवते. कांजी रुचकर खरी, पण तिच्यात मीठ बेताचेच घालावे. रक्तदाब कमी करण्यासाठी बीट आणि वाढवण्यासाठी मीठ, असा व्यवहार तोट्याचा ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाण्याची शिफारस केली आहे. त्या ४०० ग्रॅमांत हिवाळ्यातील एखादी वाटी बिटाची असावी, दुसरी पालकाची वा मेथीची, तिसरी गाजराची. फिकट पडलेल्या मुलीसाठी मात्र आधी रक्ताची तपासणी, मग वैद्याने सांगितलेल्या गोळ्या आणि ताटात डाळ, उसळ, पालेभाजी व लिंबू, असा क्रम ठेवला पाहिजे. त्या ताटाच्या कडेला बिटाच्या चार लाल चकत्या अवश्य असाव्यात. त्या जेवणाला गोडी आणतील, आणि रक्त घडवण्याचे काम ज्यांचे आहे ते अन्न आणि औषध आपापले काम करतील.